मुलांस ताटाचा जमाखर्च शिकविला पाहिजे

दुभत्या म्हशीस किती खुराक द्यावा, हें आमच्या सभासदांपैकीं कोणासही विचारिलें तर तो उत्तरासाठीं अडत नाहीं. दोन लिटर दुधामागें एक किलो खुराक, त्यांत सरकीची पेंड किती, भरडा किती, हिरवी वैरण किती व कडबा किती, हें तो बोटांवर मोजून सांगेल. आणि पेंडीचा भाव चढला तर तिच्या जागीं काय घालावें, याचाही विचार त्यानें आधींच केलेला असतो. नांगरटीच्या दिवसांत बैलाचें खाणें वाढवावें लागतें व बैल बसून असतां तें कमी केलें तरी चालतें, हेंही त्यास ठाऊक आहे. आतां त्याच गृहस्थास विचारावें कीं, आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या पोटांत काल डाळ किती गेली, पालेभाजी किती गेली व त्यासाठीं किती पैसा खर्च झाला? बहुधा उत्तर येईल, 'तें घरांत विचारा.' घरांत विचारावें तर तेथेंही मोजमाप झालेलें नसतें. भाकरी झाली, कालवण झालें, पोरें जेवलीं, एवढाच तो हिशेब. जनावराच्या खुराकाचें शास्त्र आम्हीं आपलेंसें केलें आणि मुलाच्या खुराकाचें केलें नाहीं, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मासिकानें बोलून दाखविण्यासारखी आहे.

हा लेख आईबापांस दोष देण्यासाठीं लिहिलेला नाहीं. मुलाच्या तोंडीं चार घांस अधिक जावे म्हणून स्वतः अर्धपोटी उठणारी माउली आमच्या गांवोगांव आहे. तिच्यापाशीं माया आहे. मोजमाप कोणी तिला दिलेलें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, थोड्या पैशांत चौरस आहाराची आंखणी कशी करावी, हें शिक्षण मुलगे व मुली या दोघांसही शाळेंतच, वयाच्या दहाव्या वर्षापासून मिळालें पाहिजे; आणि बीड जिल्ह्यांत तर त्यास एका वर्षाचाही उशीर लावूं नये.

१९७२ च्या दुष्काळांत आमच्या भागानें उपासमार उघड्या डोळ्यांनीं पाहिली. खडी फोडण्याच्या कामावर मिळणारी सुकडी व परदेशांतून आलेला लाल मिलो यांवर कित्येक घरांनीं दिवस काढले. ती भूक दिसत होती, म्हणून तिच्यासाठीं सरकार हललें व समाजही हलला. आजची भूक तशी दिसत नाहीं. पोट भाकरीनें भरलेलें असतें, पण रक्त फिकें असतें व उंची खुंटलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील १०० मुलांमागें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं, आणि १५ ते ४९ वर्षांच्या १०० स्त्रियांपैकीं ५४ स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. ज्या राज्यांत धान्याचीं कोठारें भरलेलीं आहेत, त्या राज्याची ही स्थिति आहे. तेव्हां प्रश्न ताटांत किती वाढलें एवढाच उरलेला नसून काय वाढलें हाही आहे.

बीड जिल्ह्याचा विचार निराळा करावयाचें कारण सर्वांस ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली कीं आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज, वडवणी अशा तालुक्यांतून बिऱ्हाडें निघूं लागतात. बालाघाटच्या माळावरचीं लाखों माणसें कोयता घेऊन सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणें, सोलापूर या जिल्ह्यांत, व पलीकडे कर्नाटकांतही, ऊस तोडावयास जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडांतून परत येतां येत नाहीं. होळी-पाडव्याच्या सुमारास गांव पुन्हा भरतो. या पांच-सहा महिन्यांत मुलांचें काय होतें? कांहीं मुलें आजीआजोबांपाशीं राहतात. कांहीं, जेथें हंगामी वसतिगृहाची सोय झाली असेल तेथें, शाळेच्या आश्रयास असतात. आणि कांहीं आईबापांबरोबर फडावर जाऊन कोपींत राहतात. आई पहांटेच्या अंधारांत फडांत गेली म्हणजे कोपींतील चूल, पाण्याची घागर व धाकटें भावंड हीं तिन्ही दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हवालीं होतात. गांवीं राहिलेल्या घरांतही तेंच. आजीस डोळ्यांनीं दिसत नाहीं, आजोबास दुकानाची पायरी चढवत नाहीं; तेव्हां दुकानांतून तेल-मीठ आणणें व रात्रीं काय शिजवावें तें ठरविणें हें काम नातवंडावर येतें.

म्हणजे मूल मोठें झाल्यावर संसार करील, ही समजूत आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांपुरती खोटी आहे. वर्षांतील निम्मे दिवस तें संसार करीतच असतें. त्याच्या हातीं पैसा येतो व त्या पैशांतून चार माणसांचें जेवण व्हावें अशी अपेक्षा असते. पण त्या पैशांतून काय घ्यावें व काय टाळावें, याचा एक शब्दही त्यास कोणीं शिकविलेला नसतो. त्रैराशिकाचीं उदाहरणें त्यानें शंभर सोडविलीं असतील, परंतु डाळीच्या डब्यावर त्यांतलें एकही लाविलेलें नसतें.

यांत शेतीचाही वांटा आहे, व तो आमच्या सभासदांनीं ऐकून घ्यावा. पूर्वीं कालवण शेतांतून येई. बाजरींत मटकी, हुलगे व तूर यांच्या ओळी असत. रब्बी ज्वारींत करडईचे पाटे असत. बांधावर अंबाडी व परसांत शेवगा असे. त्या घरांत आहारशास्त्राचें नांवही कोणीं ऐकलें नव्हतें. पण पेरणीच अशी होती कीं ताट आपोआप चौरस होई. आज खरिपाचें पुष्कळ रान कपाशी व सोयाबीन यांनीं व्यापिलें आहे. पैशाच्या पिकास आमचा विरोध नाहीं. कर्ज फेडावयास पैसाच लागतो. परंतु पेरणी बदलली कीं ताट बदलतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ज्या सोयाबीनच्या दर १०० ग्रॅमांत ३५ ग्रॅमांहून अधिक प्रथिनें असतात, तें आमच्या रानांत पिकून तेलाच्या गिरणींत जातें, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यांत जाते, आणि पिकविणाऱ्याचें मूल मिरचीच्या ठेच्याशीं भाकरी खातें. जें ज्ञान पूर्वीं पिकांच्या मिश्रणांत होतें, तें आतां माणसाच्या डोक्यांत असलें पाहिजे. कारण कालवण आतां शेतांतून न येतां दुकानांतून येतें, व दुकानांत निवड करावी लागते.

मग शिकवावयाचें तें काय? मोठें शास्त्र नव्हे. आमच्या मतें चार धडे पुरे आहेत.

पहिला धडा जोडीचा. ज्वारी, बाजरी, गहूं यांच्या प्रथिनांत जें न्यून असतें तें डाळींच्या व कडधान्यांच्या प्रथिनांनीं भरून निघतें, आणि डाळींतील न्यून धान्यानें भरून निघतें. दोहोंची जोडी लागली म्हणजे शरीरास त्यांचा पुरा उपयोग होतो. तीन वाट्या धान्यास एक वाटी डाळ, हें प्रमाण मुलाच्या सहज लक्षांत राहतें. पिठलें-भाकरी, वरण-भात, खिचडी व आमच्याकडील ज्वारी आणि हरभऱ्याच्या पिठाचे धपाटे हे सर्व याच जोडीचे प्रकार आहेत. दुसरा धडा रंगाचा. रोज एक तरी हिरवी पालेभाजी व तिजबरोबर लिंबू, पेरू, आवळा यांपैकीं कांहीं आंबट ताटांत असावें. कारण पाल्यांतील व धान्यांतील लोह आंबटाच्या संगतीनें अंगीं लागतें. जेवणावर लागलीच चहा घेतला तर तेंच लोह वायां जातें. म्हणून चहा जेवणापासून दूर ठेवावा. तिसरा धडा ऋतूचा. जें ज्या महिन्यांत रानांत उदंड येतें, तें त्या महिन्यांत स्वस्त असतें. पावसाळ्यांत तांदुळजा व घोळ, हिंवाळ्यांत हरभऱ्याची व करडईची कोंवळी भाजी, पुढें शेवग्याच्या शेंगा, मधल्या काळांत बोरें व पेरू. बीडच्या ज्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें बालाघाटच्या डोंगरउतारावर वाढतें. तें शहरास धाडतांना घरच्या मुलांसाठीं चार फळें मागें ठेवावीं, हाही ऋतूच्याच धड्यांतला भाग आहे. चौथा धडा किंमतीचा. त्याचा विचार पुढें करितों.

या धड्यांसाठीं निराळें पुस्तक नको. शाळेंत रोज दुपारीं शिजणारी खिचडी हेंच पुस्तक आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं शाळांतील मध्यान्ह भोजनाची योजना देशांत सुरू झाली. २००१ सालच्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें गरम अन्नच दिलें पाहिजे असा हुकूम केला. आणि २०२१ पासून ती 'पीएम पोषण' या नांवानें चालते. पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल, असें तिचें माप ठरलेलें आहे. धान्य निराळें मिळतें. बाकीच्या साहित्यासाठीं १ मे २०२५ पासून लहान मुलामागें रोजचे ६ रुपये ७८ पैसे व मोठ्या मुलामागें १० रुपये १७ पैसे हा खर्च धरलेला आहे.

आतां हेंच उदाहरण पांचवीच्या वर्गास घालावें. समजा, तूरडाळ १२० रुपये किलो, तेल १५० रुपये किलो व भाजी ४० रुपये किलो आहे. तर २० ग्रॅम डाळीचे २ रुपये ४० पैसे, ५ ग्रॅम तेलाचे ७५ पैसे, ५० ग्रॅम भाजीचे २ रुपये. एकूण ५ रुपये १५ पैसे. उरले १ रुपया ६३ पैसे. त्यांत मीठ, मसाला व सरपण भागविलें पाहिजे. भाव वाढले तर काय कराल? तुरीऐवजीं कोणतें कडधान्य घ्याल? शाळेच्या परसांत मेथी लाविली तर किती वांचेल? एवढ्या एका उदाहरणांत अपूर्णांक आले, त्रैराशिक आलें, आहारशास्त्र आलें व बाजारही आला. शिवाय ज्या मुलानें २० ग्रॅम डाळ तागडींत स्वतः तोलली आहे, त्याच्या पुढ्यांत पाणचट खिचडी आली तर त्यास तें तत्काळ कळेल. हक्काचें माप ठाऊक असलेला जेवणारा हाच योजनेचा सर्वांत चांगला तपासनीस होय.

शाळेंतून घरीं जाऊं. गांवीं एक आजी व तीन नातवंडें राहिलीं आहेत असें धरूं. थोरली मुलगी बारा वर्षांची, मधला मुलगा नऊ वर्षांचा, धाकटा सहा वर्षांचा. रेशनचें व घरचें धान्य निराळें ठेवूं. मीठ, मिरची व चहा यांचाही हिशेब तूर्त बाजूस ठेवूं. कालवणासाठीं रोजचे ७० रुपये हातीं आहेत. शाळेच्या दिवशीं मुलांचें एक जेवण शाळेंत होतें. घरीं चौघांस मिळून किलोभर धान्य लागेल. त्यास जोड म्हणून २०० ग्रॅम तूरडाळ, २४ रुपये. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले तर ६० ग्रॅमांचे ८ रुपये ४० पैसे. तेल ६० ग्रॅम, ९ रुपये. गूळ ५० रुपये किलोचा, ६० ग्रॅम, ३ रुपये. पालेभाजीच्या दोन जुड्या, २० रुपये. एकूण झाले ६४ रुपये ४० पैसे. रोज ५ रुपये ६० पैसे उरतात. आठवड्याचे ३९ रुपये २० पैसे. अंडें ७ रुपयांचें असेल तर आठवड्यांतून एकदां चौघांस एकेक अंडें देऊन २८ रुपये खर्चले, तरी लिंबांसाठीं ११ रुपये राहतात. अंडें न खाणाऱ्या घरानें त्याच पैशाचें दूध वा ताक घ्यावें.

येथें मुलगी विचार करूं लागली पाहिजे. आठवड्याचे सातही दिवस तूरडाळ न घेतां हरभरा, मटकी वा हुलगे घेतले आणि ते ९० रुपये किलो मिळाले, तर रोजचे ६ रुपये व आठवड्याचे ४२ रुपये वांचले. म्हणजे अंड्यांची दुसरी पाळी निघाली व वर १४ रुपये राहिले. मटकीस रात्रीं भिजत घालून मोड आणले तर तिचें सत्त्व वाढतें, त्यास पैसा पडत नाहीं. दारांत शेवग्याचें एक झाड असेल तर त्याच्या पाल्यानें कित्येक दिवसांची जुडी वांचते. येथें लिहिलेले भाव धरून चालण्यापुरते आहेत; केजच्या बाजाराचा भाव गेवराईस नसतो व आषाढांतला भाव माघांत नसतो. म्हणूनच मुलांनीं दर आठवडी बाजारच्या दिवशीं स्वतः भाव विचारून यावे, ते शाळेच्या फळ्यावर मांडावे व हिशेब पुन्हा करावा. उत्तर पाठ करावयाचें नाहीं, रीत शिकावयाची आहे.

किंमतीच्या धड्याचा दुसरा भाग दुकानाच्या दारांतला आहे. गांवांतल्या लहानांत लहान दुकानावर आज रंगीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात. कामावर गेलेल्या आईबापांच्या मनास रुखरुख असते, म्हणून मुलाच्या हातावर पांच रुपये ठेविले जातात. आणि ते पांच रुपये सरळ त्या पुड्याकडे जातात. येथें रागावून उपयोग नाहीं. तागडी पुढें ठेवावी. पांच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यांत सुमारें ५० ग्रॅम माल धरला तर त्यांतून तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनें मिळतात. बाकी मैदा, साखर व तेल. त्याच पांच रुपयांचे १४० रुपये किलोचे शेंगदाणे ३५ ग्रॅम येतात, व त्यांत आठ ग्रॅमांहून अधिक प्रथिनें असतात. तीन मुलांनीं रोज एकेक पुडा घेतला तर महिन्याचे ४५० रुपये होतात. तेवढ्यांत तीन किलोंहून अधिक शेंगदाणे येतात. हा आंकडा मुलानें आपल्या हातानें काढला तर त्यास उपदेश करावा लागत नाहीं. पुड्यावर छापलेलें वजन व आंतील द्रव्यांची यादी वाचावयास शिकणें, हेंही वाचनच आहे.

हा विचार आमच्या पदरचा किंवा परदेशांतून उसना आणलेला आहे, असें कोणीं समजूं नये. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली व तींतून नई तालीम निघाली. सेवाग्राम येथें आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्यानें ती चालविली. तेथें स्वयंपाकघर हा शाळेचाच एक वर्ग असे. धान्य निवडणें, भाजी पिकविणें, जेवणाची आंखणी करणें व त्याचा जमाखर्च ठेवणें हीं मुलांचीं कामें असत, आणि त्यांतूनच गणित व शरीरशास्त्र शिकविलें जाई. त्याच सेवाग्रामांत २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा शेती व स्वयंपाक यांस शिक्षणांत स्थान देऊन चाललेली आहे. जपाननें २००५ सालीं आहारशिक्षणाचा कायदाच केला. तेथील शाळांतून मुलें पाळीपाळीनें एकमेकांस वाढतात, व ताटांतलें अन्न कोठून आलें हें शिकणें हा अभ्यासाचा भाग आहे. श्रीमंत देशास जें मुलांस शिकविणें अगत्याचें वाटलें, तें आम्हांस अनावश्यक कसें वाटेल?

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, शिक्षकांवर आधींच पुष्कळ कामें आहेत. त्यांत हें आणखी कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही निराळा विषय मागत नाहीं, निराळी परीक्षाही मागत नाहीं. गणिताच्या तासांतील आठवड्यांतून एक तास या उदाहरणांस द्यावा, एवढीच मागणी आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनीं त्या तासास येऊन आपलें माप दाखवावें. त्या कामांतल्या जाणत्या आहेत, त्यांस गुरूचा मान मिळाला तर तोही लाभच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरिबास हिशेब शिकविण्यानें त्याची गरिबी जात नाहीं. ज्याच्या हातीं सत्तर रुपयेच नाहींत त्यानें आंखणी कशाची करावी? आणि काटकसरीचा उपदेश करून मजुरीचा प्रश्न झांकला जाणार नाहीं काय? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. ऊसतोडीचा दर, उचलीचा फांस, फडावरील पाणी व निवारा हे प्रश्न मुलांच्या वहींत सुटणारे नाहींत. ते कारखाने, सरकार व संघटना यांनींच सोडविले पाहिजेत. परंतु हिशेब शिकल्यानें मनुष्य मुकाट बसतो, हें आम्हांस मान्य नाहीं. चार माणसांच्या जेवणास खरोखर किती पैसा लागतो हें ज्यास आंकड्यांनीं सांगतां येतें, त्यासच आपली मजुरी कोठें अपुरी पडते हेंही सांगतां येतें. सत्तर रुपये पुरत नाहींत असें सिद्ध करावयाचें असलें तरी आधीं सत्तर रुपयांचा हिशेब मांडावा लागतो.

तिसरा आक्षेप कांहीं विचारी स्त्रियांकडून येईल. असें शिक्षण दिलें तर चूल मुलीच्याच गळ्यांत कायमची बांधली जाणार नाहीं काय? बीड जिल्ह्यांत ही भीति पोकळ नाहीं. वर सांगितलेल्या पाहणींतच या जिल्ह्यांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं १०० मागें सुमारें ४४ जणींचीं लग्नें अठरा वर्षांपूर्वीं झालेलीं आढळलीं. मागें एकटी ठेवावयाची भीति वाटते म्हणून मुलीस उजवितात; आणि बारा वर्षांची पोर घर संभाळते हें पाहून ती लग्नास झाली असेंही म्हणतात. म्हणूनच आमचा आग्रह असा कीं हें शिक्षण मुलग्यांस सक्तीचें असावें. तागडी मुलाच्या हातीं द्यावी, खिचडी वाढण्याची पाळी त्याची लावावी व बाजाराचा भाव त्यानेंच आणावा. नऊ वर्षांच्या भावास डाळ निवडतां आली व भाकरीचें पीठ मोजतां आलें, तर बारा वर्षांच्या बहिणीस शाळेंत जावयास दोन तास मोकळे सांपडतील. शिवाय हें शिक्षण म्हणजे मुलांवर घर टाकून जाण्याचा परवाना नव्हे. हंगामी वसतिगृहें वेळेवर उघडलीं पाहिजेत व त्यांत चौरस आहार मिळाला पाहिजे, ही मागणी कायम आहे. पण वसतिगृह उघडेपर्यंत मूल आज रात्रीं जेवणारच आहे, हें विसरून चालणार नाहीं.

राहतां राहिलें आमचें, म्हणजे शेतकऱ्यांचें, काम. प्रत्येक सभासदानें आपल्या गांवच्या शाळेस तीन गोष्टी द्याव्या अशी आमची विनंती आहे. एक, परसबागेसाठीं मेथी, पालक, अंबाडी यांचें बियाणें व शेवग्याच्या दोन फांद्या, आणि लावणीच्या दिवशीं स्वतःची एक सकाळ. दोन, वर्गांत ठेवण्यासाठीं एक लहान तागडी व वजनें. तीं जुनीं असलीं तरी चालतील, खरीं असलीं म्हणजे झालें. तीन, सुगीच्या वेळीं पायलीभर तूर किंवा हरभरा. दानधर्म म्हणून नव्हे, मुलांनीं त्याचा हिशेब मांडावा म्हणून. आणि पुढच्या पेरणीस प्रत्येकानें आपल्या कपाशींत वा सोयाबीनमध्यें चार ओळी घरच्या ताटासाठीं पेराव्या. त्या ओळींचें उत्पन्न बाजारांत दिसणार नाहीं, परंतु घरांतल्या मुलांच्या अंगावर दिसेल.

शालेय व्यवस्थापन समितीवर आमचे कित्येक सभासद आहेत. त्यांनीं हा विषय पुढील बैठकींत मांडावा. वेळ फार नाहीं. शाळा जूनांत उघडते व बिऱ्हाडें दिवाळीनंतर हलतात. मध्यें चार-साडेचार महिने मिळतात. आठवड्यास एक तास धरला तरी सुट्ट्या वगळून बारा-तेरा तास सहज हातीं येतात, आणि चार धड्यांस तेवढे पुष्कळ झाले. या वर्षीं जें मूल कोपींत जाईल किंवा आजीपाशीं राहील, त्यानें आपल्याबरोबर एक वही न्यावी. तींत धान्य, डाळ, भाजी, तेल व पैसा यांचे रकाने आंखलेले असावे, आणि ते भरावे कसे हें त्यास ठाऊक असावें.